अकरा महिने पडून असलेली ओबीएम सुरू करताना

कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठावरील चिकोडी, निपाणी, रायबाग, कागवाड आणि अथणी या तालुक्यांत पाणी चढू लागले की गुऱ्हाळाची काहील होडीसारखी पाण्यात सोडण्याची पद्धत अजून मोडलेली नाही. परंतु २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील पुरांनंतर रबरी बोट आणि तिच्या मागे अडकवायचे इंजिन, म्हणजे बचाव पथके जिला ‘ओबीएम’ म्हणतात ती मोटार, काठावरच्या गावांच्या चांगल्याच ओळखीची झाली आहे. ही मोटार चालताना फारसा त्रास देत नाही. तिचा सगळा त्रास सुरू होताना असतो, आणि तोही नेमका तेव्हा, जेव्हा गावाला थांबायला वेळ नसतो.

आपल्याकडील अडचणीचे स्वरूप आधी नीट ओळखले पाहिजे. मोटारी सुरू करण्याच्या तंत्रातील अलीकडच्या बऱ्याच सुधारणा बर्फाळ प्रदेशातील गरजेतून आल्या आहेत. बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलला, जिला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीतील जवान स्नो स्कूटर म्हणून ओळखतात, थंडीशी झगडावे लागते. उणे १८ अंशांना शिशाच्या बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि इंजिनातील तेल काकवीसारखे घट्ट होते. बेळगावची डिसेंबरमधील पहाट आपल्याला कितीही बोचरी वाटली, तरी इंजिनाच्या हिशेबी ती थंडी नव्हेच. आपल्या ओबीएमचे वैर थंडीशी नसून पडून राहण्याशी आहे. पूर ओसरला की ती सोसायटीच्या गोदामात खताच्या पोत्यांशेजारी जाते, बॅटरी हळूहळू उतरते, टाकीतील पेट्रोल शिळे होते, कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा धरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ज्या रात्री पाणी मळ्यांतून वस्तीकडे सरकते, त्याच रात्री तिच्याकडून पहिल्या झटक्यात सुरू होण्याची अपेक्षा केली जाते. म्हणून बर्फासाठी शोधलेल्या तंत्रांपैकी आपल्या उपयोगाचे कोणते आणि ते हाताळावे कसे, एवढाच येथे प्रश्न आहे.

दोरी, सेल्फ आणि त्यांच्यामधला मार्ग

ज्यांनी विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना यातील मूळ तत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, वेग द्यायचा आणि वेग आला की खटका सोडायचा, ही कसरत या भागातील एका पिढीच्या अंगवळणी पडली होती. (सायकलच्या दुकानापासून सुरू झालेला किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावातच जन्मला, हे येथे सहज आठवते.) ओबीएमच्या डोक्यावरील दोरी हेच काम करते. दोरी ओढली की फ्लायव्हील फिरते, फ्लायव्हीलमधील चुंबक कॉइलसमोरून जातात, त्यातून वीज तयार होते आणि ती प्लगवर ठिणगी पाडते. साध्या कार्बोरेटरच्या मोटारीला यासाठी बॅटरी लागत नाही, आणि खेड्यापाड्यांत ती टिकून राहिली याचे मुख्य कारण हेच आहे.

सेल्फची मोटार म्हणजे १९१२ च्या कॅडिलॅक मोटारगाडीत चार्ल्स केटरिंग यांनी आणलेल्या कल्पनेचेच पुढचे रूप होय. बटण दाबले की स्टार्टरचे छोटे दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवते. सोय मोठी आहे, पण तिचा सगळा भार बॅटरीवर आहे.

या दोन पद्धतींच्या मध्ये गेल्या दोन-अडीच दशकांत तीन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी टू-स्ट्रोक मोटार. कॅनडातील बॉम्बार्डियर कंपनीने २००१ मध्ये एव्हिनरूड ही जुनी ओबीएम कंपनी विकत घेतली. त्यानंतर २००३ मध्ये आलेले ई-टेक तंत्र आधी पाण्यावरच्या मोटारींत आणि पुढे त्याच घराण्याच्या स्की-डू या स्नोमोबाइलमध्ये वापरले गेले. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले, तरी बर्फावरची आणि पाण्यावरची मोटार ही मुळात एकाच घरातली भावंडे कशी आहेत, हे यावरून कळते. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरीशिवाय चालणारे इंजेक्शन, जे सुझुकीने २०१२ मध्ये १५ आणि २० हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक मोटारींत आणले आणि पुढे इतर कंपन्यांनीही स्वीकारले. यात दोरीच्या झटक्यातून निर्माण होणारी वीज आधी छोट्या कॉम्प्युटरला जागे करते, पेट्रोलचा पंप चालवते, आणि मग इंजेक्टर व ठिणगी यांना मिळते. चोक ओढण्याची भानगड उरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कुतूहलाची आहे. स्की-डूच्या २०१८ च्या मॉडेलांपासून ‘शॉट’ नावाची पद्धत आली, जिच्यात वेगळा स्टार्टर नाही आणि जड बॅटरीही नाही. दिवसातील पहिल्या वेळी इंजिन दोरीनेच सुरू करायचे. ते चालू असताना एक अल्ट्राकपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारा भाग, भरून ठेवला जातो. नंतर इंजिन बंद करून पुन्हा बटण दाबले की तो साठा फ्लायव्हीलखालील वीज तयार करणाऱ्या कॉइलमध्ये सोडला जातो आणि तीच कॉइल क्षणभर मोटार बनून इंजिन फिरवते. वीज देणाऱ्या भागाकडूनच फिरवण्याचे काम करून घेण्याची ही युक्ती आपल्याला परकी नाही. होंडाची ॲक्टिव्हा बीएस-सिक्स झाल्यापासून सेल्फ मारताना पूर्वीचा खरखराट करत नाही, त्यामागे हेच तत्त्व आहे. फरक एवढाच की ॲक्टिव्हाला बॅटरी आहे आणि ‘शॉट’ला कपॅसिटर. बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून येते, त्यामुळे गारठ्यात ती मंदावते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार तसाच साठवलेला असतो, त्यामुळे तो गारठ्यातही झटकन बाहेर येतो. मात्र साठा थोडा असतो आणि तो बराच काळ टिकत नाही, हे लक्षात ठेवावे.

आमच्या नदीकाठासाठी यातून निवड करायची झाल्यास माझे मत बॅटरीशिवाय इंजेक्शन असलेल्या, दोरीने सुरू होणाऱ्या मोटारीकडे झुकते. खरेदीच्या वेळी एक प्रश्न आवर्जून विचारावा: “बॅटरी पूर्ण मेली तर ही मोटार नुसत्या दोरीने सुरू होते का?” इंजेक्शन असलेल्या काही मोटारींना दोरी असते, पण कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंप मात्र बॅटरीवर चालतात. अशी मोटार अंधारात शंभर वेळा ओढली तरी गुरगुरणारही नाही.

पाण्यात पहिली ओढ

मोटार बोटीच्या मागील फळीवर बसवल्यावर दोन्ही स्क्रू हाताने घट्ट आवळावेत आणि मोटारीच्या कडीतून एक जाड दोर काढून बोटीला बांधावा. स्क्रू सैल होऊन मोटार नदीत गेल्याच्या गोष्टी काठावर पुष्कळ ऐकायला मिळतात. पंखा पूर्ण बुडाला आहे आणि त्याच्या वरची आडवी पट्टीही पाण्याखाली आहे याची खात्री करावी. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडावा. तो बंद राहिला तर मोटार सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी मान टाकते आणि सगळे जण प्लगला दोष देत बसतात.

पेट्रोलची नळी जोडून मधला रबरी फुगा, त्यावरील बाण मोटारीकडे आणि शक्यतो वर राहील असा धरून, कडक लागेपर्यंत दाबावा. त्यानंतर लाल क्लिप. चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायच्या लाल दोरीचे दुसरे टोक किल-स्विचमध्ये, म्हणजे मोटार बंद पाडणाऱ्या बटणात, बसले नसेल तर मोटार सुरू होत नाही, आणि माझ्या पाहण्यात ‘मोटार बिघडली’ म्हणून आलेल्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा याच क्लिपचा आहे. गिअर न्यूट्रलमध्ये असावा. बहुतेक मोटारींत गिअर पडलेला असताना दोरी मुद्दामच अडकवलेली असते. म्हणून दोरी हलत नसेल तर जोर लावण्याआधी गिअरचा दांडा पाहावा.

कार्बोरेटरची मोटार थंड असेल तर चोक पूर्ण ओढावा आणि हँडलवरील रेस ‘स्टार्ट’ या खुणेवर आणावी. इंजेक्शनच्या मोटारीला चोक नसतो, आणि तिची रेस उगाच पिरगाळू नये. आता पाय फाकवून, शरीराचा तोल बोटीच्या मधोमध ठेवून, मागे कोणी उभे नाही हे पाहून दोरी सावकाश ओढावी. काही अंतरावर हाताला विरोध जाणवतो. तेथे पिस्टन वर चढत असतो. तेथून एकच सरळ, लांब आणि जोरदार झटका द्यावा. दोरी हातातून सोडून देऊ नये, तिला हातानेच परत जाऊ द्यावे, नाहीतर आतील स्प्रिंग तुटते.

बॅटरीशिवाय इंजेक्शन असलेल्या मोटारीत या झटक्याचा वेग विशेष महत्त्वाचा असतो. कार्बोरेटरच्या मोटारीला दोन-तीन अर्धवट ओढी चालून जातात, कारण त्यातही थोडे पेट्रोल आत खेचले जाते. येथे मात्र फ्लायव्हील पुरेशा वेगाने फिरले नाही तर कॉम्प्युटर जागाच होत नाही, आणि दहा हळू ओढी मिळूनही एका चांगल्या झटक्याइतके काम होत नाही. म्हणून दमलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी दोरी ताज्या दमाच्या माणसाकडे द्यावी.

सुरू होताच चोक टप्प्याटप्प्याने आत सारावा आणि नजर लगेच इंजिनाच्या मागील बाजूस टाकावी. तेथून पाण्याची बारीक धार येते. काही सेकंदांत ती दिसली नाही तर मोटार बंद करावी. पुराच्या पाण्यात गाळ, उसाचा पाला आणि जलपर्णी यांची काही कमतरता नसते, आणि त्यांनी पाणी आत घेण्याची जाळी बुजते. धार नसताना मोटार चालवली तर पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर आधी जळतो आणि नंतर सिलिंडर तापतो. धार बंद पडण्याचे दुसरे कारण म्हणजे भोकात अडकलेला कचरा; ते बारीक तारेने मोकळे करता येते.

सुरू झालीच नाही तर

पाच-सहा झटक्यांनंतरही मोटार सुरू होत नसेल आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर ती ओव्हरफ्लो झाली आहे असे समजावे. चोक पूर्ण आत सारावा, कार्बोरेटरच्या मोटारीची रेस पूर्ण उघडावी आणि चार-पाच वेळा दोरी ओढावी, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर पडते. तरीही फरक पडला नाही तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावा. ठिणगी पाहण्यासाठी प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून दोरी ओढण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, पण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना त्याच्या शेजारी ठिणगी पाडणे धोक्याचे असते. प्लग भोकापासून दूर धरावा आणि त्या वेळी पेट्रोलची टाकी बाजूला सारावी.

वास अजिबात येत नसेल तर पेट्रोल आत जात नाही. फुगा पुन्हा दाबून पाहावा. तो मऊच राहत असेल तर नळीच्या जोडातून हवा शिरते आहे.

दोरीच तुटली तर संकटकाळासाठीची युक्ती पुस्तिकेत दिलेली असते. वरचे झाकण आणि दोरीची यंत्रणा काढून फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ मारलेली दुसरी दोरी अडकवायची, ती गुंडाळायची आणि ओढायची. येथे दोन गोष्टी प्राणाइतक्या महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे दोरीची यंत्रणा काढली की गिअरमध्ये सुरू होऊ न देणारे कुलूपही निघून जाते, म्हणून न्यूट्रल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुसरी म्हणजे फ्लायव्हील उघडे फिरत असते. धोतराचा सोगा, खांद्यावरचा टॉवेल, ओढणी किंवा मोकळे केस त्याच्या जवळही जाता कामा नयेत, आणि मोटार चालू असताना झाकण परत बसवण्याचा प्रयत्न करू नये.

बोट उलटून मोटार पाण्यात बुडाली असेल, तर बाहेर काढल्याबरोबर ती ओढून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही, आणि जोराच्या झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, मोटार भोके खाली येतील अशी तिरकी करून, दोरी हलक्या हाताने ओढून पाणी काढावे. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिनाचे तेल बदलावे. आणि हे सारे त्याच दिवशी उरकावे, कारण हवा लागताच आतल्या लोखंडाला गंज धरू लागतो.

सेल्फ असेल तर

बारा व्होल्टची भरलेली बॅटरी मोटार बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला लावावी. सेल्फ एका वेळी ५ ते १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये थोडा विसावा द्यावा. मोटार चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये, कारण त्या क्षणी वाढणाऱ्या व्होल्टेजने रेग्युलेटर जळू शकतो.

अल्ट्राकपॅसिटरचे तंत्र येथे वेगळ्या रूपात कामास येते. बाजारात मिळणारे कपॅसिटरचे जंप स्टार्टर हे अर्धमेल्या बॅटरीतील उरलीसुरली वीज काही मिनिटे हळूहळू ओढून घेतात आणि सेल्फ मारताना ती एकदम सोडतात. विहिरीला पाझर थोडा असला तरी हौद भरून घेऊन एकदम पाट सोडावा, तसे हे काम आहे. लिथियमचा जंप स्टार्टर ठरावीक महिन्यांनी चार्ज करावा लागतो, आणि गोदामात तो कोणी करत नाही. कपॅसिटरचा मात्र वर्षभर रिकामा पडला तरी बिघडत नाही, आणि बॅटरी पार कोरडी असेल तर त्याला ट्रॅक्टरच्या बॅटरीवरूनही भरून घेता येते. लाल चिमटा धनाला, काळा ऋणाला, हा क्रम मात्र टॉर्चच्या उजेडात दोनदा तपासावा.

गोदामातले महिने

पेट्रोलबद्दल आता जरा जास्त काळजी घ्यावी लागते. आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि बहुतेक ओबीएमच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतचीच मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी पुरेसे जमले की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि मोटारीची नळी पेट्रोल तळातूनच खेचते. उसाच्या मुलुखात इथेनॉलला नावे ठेवणे जिवावर येते, पण मोटारीच्या टाकीत ते महिनोन्‌महिने ठेवू नये. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि ते पेट्रोल दुचाकीत वापरून टाकावे. टू-स्ट्रोकसाठी तेल मिसळलेले असेल तर मात्र ते दुचाकीत घालू नये. पुढच्या वेळी ताजे पेट्रोल, आणि टू-स्ट्रोक असल्यास पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, बहुधा ५० भागांस १ भाग, तेल घालावे.

कार्बोरेटरची मोटार ठेवण्याआधी तिला पाण्यात चालू ठेवून पेट्रोलची नळी काढावी आणि आतले पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्यावी. इंजेक्शनच्या मोटारीला ही रीत लावू नये. कोरड्या चालण्याने तिच्या पंपाला इजा होते, तेव्हा पुस्तिकेत सांगितलेल्या निचऱ्याच्या स्क्रूमधून पेट्रोल काढावे. गिअरचे तेल दुधासारखे पांढरट दिसले तर सील गेले आहे असे समजावे.

महिन्यातून एकदा मोटार २०० लिटरच्या पिंपात उभी करून दहा मिनिटे चालवावी. पिंप पंख्यावरील आडव्या पट्टीच्या वर पाणी येईल इतके भरावे, पंखा काढून ठेवावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. ज्या तारखेला मोटार सुरू झाली ती तारीख आणि किती झटक्यांत सुरू झाली तो आकडा झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटपट्टी लावून लिहावा. जानेवारीत दोन झटके आणि एप्रिलमध्ये नऊ झटके लागत असतील, तर प्लग आणि कार्बोरेटर मे महिन्यातच उघडायला हवेत. त्याच झाकणाच्या आत एका प्लास्टिकच्या पिशवीत जादा लाल क्लिप, एक नवा प्लग, प्लगचा पाना आणि गाठ मारून ठेवलेली दीड मीटरची दोरी बांधून ठेवावी, आणि ती पिशवी दुसऱ्या कोणत्याही कामासाठी सोडू नये.